मुरबाडच्या मोडीवाल्या बाईंचा दिवस

सकाळी सहा

आषाढात मुरबाडला सहाला उजाडतं ते नावापुरतं. तरी अवघड पान मी याच वेळेला काढते. घर झोपलेलं असतं, डोळे ताजे असतात आणि वीज बहुधा असते. पान टेबलावर सपाट ठेवायचं आणि टॉर्च वरून न धरता बाजूने, जवळजवळ कागदाला टेकवून धरायचा. शाई उडाली असली तरी टाकाच्या टोकाने कागदावर पाडलेली चीर शिल्लक असते. आडव्या उजेडात तिची सावली पडते आणि गेलेलं अक्षर अर्धंमुर्धं परत दिसतं. बोरूने लिहिलेल्या कागदाला ही युक्ती लागू पडत नाही, कारण बोरू ओरखडत नाही. पण बोरूची शाई काजळाची. ती सहसा उडतच नाही, पाण्याने फार तर पसरते.

आज पुढ्यात बोरूचाच कागद आहे, धसईकडच्या एका घरातून आलेला. घडीवर फाटलाय, बाकी ठणठणीत. पाटीलकीच्या मानाचा तंटा आहे, होळीला पहिली पोळी कोणी लावायची. असले तंटे दोन-दोन पिढ्या चालत आणि त्यांच्यामुळेच आपल्याला इतके कागद मिळालेत. माणसं गुण्यागोविंदाने राहिली असती तर दप्तरं रिकामी राहिली असती.

मोडीत आधी रेघ येते. लिहिणारा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग अक्षरं तिला टांगत जातो. बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, शब्द संपला की वरची रेघ तुटते, इथे ती तुटतच नाही. त्यामुळे शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. विरामचिन्हं नाहीत. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न मिटलेला. अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. र तर शेजारी कोण बसलंय ते बघून रूप बदलतो. हात उचलायचा नाही हा या लिपीचा सगळा खटाटोप. हेमाडपंताने ती आणली असं परंपरा सांगते. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोधीकडे वळायचं ठरवलं, पण खेड्यातल्या लिहिणाऱ्यांचे हात पुढे कितीतरी वर्षं मोडीतच चालत राहिले.

लोकांना वाटतं, जितका कागद जुना तितका कठीण. माझा अनुभव उलटा आहे. पेशवाईतला कागद दिसायला भीतीदायक आणि वाचायला सोपा असतो. त्याला चाल असते. वर श्री, मग राजश्री अमुक यांसी, मग सन, मग मजकूर, शेवटी जाणिजे आणि मोर्तब सुद. एखादं अक्षर गेलं तरी वाक्य आपल्याला हात धरून पुढे नेतं. याउलट १९०५ सालचं गावचं जन्म-मृत्यूचं बुक दिसतं साधं, आणि ते छळतं. त्यात वाक्यच नाही, नुसती नावं. ‘मजकूर’ शब्दातला म गेला तरी तो मजकूरच राहतो. ‘पदू’मधला द गेला तर तिथे पदू होता, पांडू होता की पोशा, हे कोणतंही व्याकरण सांगत नाही.

होळीच्या कागदावर सन आहे ‘सबा सितैन मया व अलफ’. हे अरबी आकडे एककाकडून मोजत जायचं. सबा सात, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सुहूर सन ११६७. त्यात ५९९ मिळवले की १७६६. हे वर्ष मृगाला लागतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणून कागद जानेवारी ते मेमधला असेल तर ५९९ऐवजी ६००. थोडक्यात थोरल्या माधवरावांची कारकीर्द. शेताचं वर्ष आणि दप्तराचं वर्ष एकाच पावसाने सुरू व्हायचं, याचं मला या दिवसांत बाहेर बघताना फार बरं वाटतं.

साडेआठ

डबा, मुलांची रेनकोटं, गॅसवाला. यात लिहिण्यासारखं काही नाही.

पावणेदहा

तहसील कार्यालय उघडायची वेळ. मी पंधरा मिनिटं उशिरा जाते, कारण अभिलेखकक्षाचे भाऊसाहेब आधी खिडक्या उघडून खोलीला थोडी हवा देतात. पावसाळ्यात बंद खोलीतला कागद दमट होतो आणि दमट पान उलटताना बोटाबरोबर येतं. रुमालात बांधलेले गठ्ठे गावांनुसार लावलेत. मुरबाड तालुक्याच्या गावांची नावं पाठ नसतील तर या खोलीत मोडी येऊन काही उपयोग नाही. शिरोशी आणि मोरोशी, शिवळे आणि शिरवली, नढई आणि नारिवली. घाईच्या हातात यांतली निम्मी एकमेकांसारखीच दिसतात. शिरोशीतला शि फाटला असेल, तर मी अक्षराकडे न बघता वरच्या-खालच्या नोंदींतली गावं बघते. ती टोकावड्याच्या बाजूची आहेत की म्हशाच्या, हे कळलं की निम्मं काम झालं.

बाकावर शेजारी एक आजोबा, त्यांचा मुलगा आणि नात बसलेत. आवणी अर्धी टाकून आलेत, मुलाच्या पोटऱ्यांवरचा चिखल अजून वाळायचाय. नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचाय आणि जात पडताळणीची तारीख जवळ आली आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा. घरातल्या माणसांच्या शाळेच्या दाखल्यांवर काम भागलं तर कोणी माझ्याकडे येत नाही. पण या घरात शाळेत गेलेला पहिला माणूस म्हणजे बाकावर बसलेला मुलगाच. आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत. मग उरतो गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, आणि त्यात आजोबांच्या वडिलांच्या जन्माची नोंद.

“बाय, माझ्या बाबाचा नाव हाय का नाय त्याच्यात?” आजोबा विचारतात.

हे सांगताना जीव थोडा खाली-वर होतो. या बुकात बहुतेक वेळा मुलाचं नावच नसतं. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, राहण्याचं गाव. बाळाचं नाव बारशाला ठेवायचं आणि नोंद त्याआधी व्हायची, मग लिहिणार काय? म्हणजे आजोबांच्या बाबांचं नाव शोधायचंच नाही, त्यांच्या आज्याचं शोधायचं. आजोबांना आज्याचं नाव माहीत आहे, चांगो. चांगोच्या बापाचं नाही.

साडेदहा ते एक

दिवसातलं खरं काम हे. कागदावर बोट ठेवायचं नाही, पेन्सिल न टेकवता ओळीवरून फिरवायची. पहिली दहा-बारा पानं मी काही शोधतच नाही. नुसता हात ओळखून घेते. हा लिहिणारा ज कसा काढतो, काना पुढच्या अक्षराला कसा जोडतो, घाईत कोणतं अक्षर खातो. वहीत त्याच्या अक्षरांचा छोटा तक्ता करते. नवा हात, नवा तक्ता. पुस्तकातली मोडी मुळाक्षरं शिकून लोक येतात आणि पहिल्याच बुकात हताश होतात, कारण पुस्तकातली अक्षरं कोणा खऱ्या माणसाने रात्री कंदिलाखाली, पन्नास नोंदी तुंबलेल्या असताना लिहिलेली नसतात.

या हाताला खुणा आहेत. तो दौतीत टाक बुडवला की दोन-तीन शब्द काळेभोर लिहितो, मग फिकट होत जातो, मग पुन्हा काळा. फिकट टोकाला अक्षर अर्धवट दिसलं तर कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर हे शाईच्या उतारावरून कळतं. संक्षेपांना तो पुढे दोन दंड देतो, ता॥, मौ॥. हेच दोन दंड आकड्यापुढे आले की अर्धा होतात. ७॥ म्हणजे साडेसात. नवशिके इथेच गोंधळतात आणि सारा चुकीचा वाचतात.

बाराच्या सुमाराला चांगो सापडतो. नाव स्वच्छ, ‘चागो’, अनुस्वार नाही, पण गाव तेच, पाडा तोच आणि मुलगा झाल्याची तारीख आजोबांच्या हिशेबाला बसणारी. आजोबांचा मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याला तोंडावरूनच कळलं.

आणि मग जातीचा रकाना. तिथे आहे क, पुढे एक आकडी, पुढे दोन दंड. आकडी वर वळली असेल तर ‘कि॥’ आणि खाली वळली असेल तर ‘कु॥’. नेमकी त्या वळणावर कसर लागली आहे. गव्हाच्या दाण्याएवढं भोक. ‘कु॥’ असेल तर कुणबी. ‘कि॥’ असेल तर कित्ता, म्हणजे वरीलप्रमाणे, आणि वरच्या नोंदीत आहे ‘ठाकूर’. एका भोकाच्या या बाजूला एक जात, त्या बाजूला दुसरी.

“कुणबीच ना, मॅडम?” मुलगा विचारतो. “आम्ही कुणबीच आहोत.”

ते मला माहीत आहे. साऱ्या गावाला माहीत आहे. पण प्रश्न कागदावर काय आहे हा आहे. वाचणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती असते ती हवं ते दिसण्याची. बाकावर तीन माणसं आशेने बसलेली असली की भोकाच्या कडेला खाली जाणारी रेघ दिसायला लागते. मी भिंग बाजूला ठेवते आणि वहीत लिहिते, ‘क[..]॥’. लिप्यंतर हे साक्षीसारखं असतं. दिसलं तेवढं सांगायचं. मी म्हणूनच पैसे पानावर घेते, शब्दांवर नाही. शब्दांवर घेतले असते तर चौकोनी कंस टाकायला हात धजला नसता.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना राज्यभर एकाएकी भाव आला. शिकणारे वाढले, हे चांगलंच. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्गही आता ओस नसतात. पण थोड्या दिवसांच्या वर्गात अक्षर येतं. कंस टाकायचं धाडस यायला वेळ लागतो.

आजोबांना मी जेवून यायला सांगत नाही, घरी जायला सांगते. शेत थांबलंय. संध्याकाळी फोन करीन म्हणते.

एक

भाकरी, सुकटीची चटणी, आणि भाऊसाहेबांकडचं लोणचं. वैशाखऱ्याच्या बाजूने ढग असे येतात की दुपारी एकला दिवा लावावा लागतो. त्या ढगांमागे नाणेघाट आहे. तालुक्याच्या डोक्यावरच्या तिथल्या लेण्यात सातवाहन राणीचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यातले आकडे पंडित भगवानलाल इंद्रजींनी वाचले. मला त्या लेखाच्या छापील वाचनातले ठिपके फार आवडतात. दगड झिजला आहे तिथे विद्वानांनी ठिपके दिलेत, कल्पनेने राणीच्या तोंडी काही घातलेलं नाही. आमच्या धंद्याचं याहून जुनं आणि जवळचं उदाहरण मला माहीत नाही. घाट चढून वर गेलं की जुन्नर, तिथला हातकागद एके काळी नावाजलेला होता. सकाळचा होळीचा कागद तिथला असेलही, खात्री नाही देता येत.

दोन

दोन भाऊ, एक बांध. भूमी अभिलेखमधून आणलेल्या टिपणाची नक्कल घेऊन आलेत. टिपण म्हणजे जुन्या मोजणीच्या वेळी हाताने काढलेली शेताची आकृती. कडेने मोडी अक्षरं आणि आकडे. अक्षरं थोडी असतात, पण एकेक लाखमोलाचं. ‘साखळी ४ आणे ६’ असं एका बाजूला आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, म्हणजे आणा दोन फुटांहून किंचित जास्त. चार साखळ्यांचे १३२ फूट, सहा आण्यांचे सव्वाबारा-साडेबारा. एकूण १४४ फुटांच्या आसपास. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, हे दोघांना पाठ आहे, म्हणून साखळीची गोष्ट त्यांना माझ्याआधी कळते.

धाकटा म्हणतो, तो ४ नाही, ५ आहे. थोरला म्हणतो, ४ आहे. मी दोघांना समोरची बाजू दाखवते. तिथे ५ स्पष्ट आहे, त्याचं पोट कसं काढलंय ते बघा. मग इकडचा आकडा बघा. धाकटा बराच वेळ बघतो आणि गप्प बसतो. त्याला पटलं की तो दमला, सांगता येत नाही. बांधाचं काय करायचं ते मोजणीदार ठरवेल. आकडा वाचून झाला की माझं काम संपलं. चहा मात्र धाकट्यानेच दिला.

चार

फोन. शहापूरच्या पुढे कसाऱ्याकडून कोणीतरी फोटो पाठवलेत, खरेदीखताचे. तिरपे, अंगठा पानावर, ट्यूबलाइटची चमक नेमकी मधल्या ओळीवर. मी उत्तर लिहिते : पान खिडकीपाशी ठेवा, मोबाइल वरून सरळ धरा, फ्लॅश बंद, दर वेळी अर्धंच पान घ्या. आणि काही झालं तरी लॅमिनेशन करू नका. घरचा जुना कागद जपायचा म्हणून लोक झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्लास्टिकमध्ये शिजवून आणतात. ते मग निघत नाही, आणि आत हळूहळू पिवळं पडतं. चिकटपट्टीही नको. फाटलं तर फाटलेलं राहू द्या, फाटलेलं मी वाचू शकते.

दुसऱ्या फोटोत खाली सही नाही, छोटं चित्र आहे. निशाणी नांगर. शेतकऱ्याला लिहिता येत नसे तेव्हा कारकून त्याच्या नावापुढे नांगर काढी, बाईच्या नावापुढे बांगडी. फोनवरचा मुलगा लगेच विचारतो, नांगर म्हणजे कुणबी सिद्ध झालं ना? नाही. नांगर म्हणजे शेत करणारा, शेत कोणीही करतं. तो हिरमुसतो. त्याच कागदात ‘हिरा कोम’ असं आहे, त्याला वाटलं हिराची कौम, जात. कोम म्हणजे इथे बायको. पुढचं नाव नवऱ्याचं. हे सांगितल्यावर मात्र त्याचा आवाज चढतो, कारण पणजीचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं. पुरावा मिळाला नाही पण पणजी मिळाली.

आमच्याच तालुक्यात फांगण्याला २०१६च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या बाया पाटी घेऊन सही शिकल्या. त्यांच्या सासवांच्या सासवा मला कागदात भेटतात, एकेक बांगडी काढून गेलेल्या.

तो मुलगा शेवटी म्हणतो, “हे सगळं आता एआय वाचेल ना?” वाचेल, वाचतोयही. आयआयटी रुरकीच्या मंडळींनी २०२५मध्ये मोडीची पानं यंत्राला शिकवायचं काम पुढे आणलं, आणि मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ सालीच मिळाली आहे. मला त्याचा राग नाही. लाखो कागद पडून आहेत, माझ्या हयातीत मी त्यांतला कोपराही संपवणार नाही. यंत्राने खळं झोडावं, मला हरकत नाही. फक्त भोक दिसलं की त्याने तिथे भोकच लिहावं, शेजारच्या हजार पानांत काय असतं ते नाही. सगळ्या सुशिक्षित वाचकांना जमत नाही, यंत्राला शिकवलं तर कदाचित जमेल.

सहा

वीज गेली. कंदील नाही, पण चार्जिंगचा दिवा आहे. पावसाचा आवाज इतका की दार वाजलेलं ऐकू येत नाही. भाजी, कुकर, मुलांची गणितं.

साडेसात

पक्की प्रत करायला बसते. होळीच्या कागदाचं लिप्यंतर ओळीला ओळ, मूळ कागदात जिथे ओळ तुटते तिथेच तोडून. शुद्धलेखन सुधारायचं नाही. ‘लिहिले’ हे ‘लीहीले’ असलं तरी तसंच. खान हा ‘षान’ असा लिहिलेला असला तर ष तसाच ठेवायचा, टीप खाली द्यायची. संक्षेप उलगडायचे ते कंसात. लोकांना हे किचकट वाटतं, एकदा मराठीत आणा म्हणतात. मराठीतच आहे, मी म्हणते.

मग सकाळच्या बुकाचा तक्ता काढते. एक गोष्ट दुपारपासून डोक्यात घोळत होती. या लिहिणाऱ्याला ‘वरीलप्रमाणे’ म्हणायचं असलं की तो काय लिहितो? तक्त्याशेजारी मी उतरवून घेतलेल्या नोंदींत एकदा आहे ‘सदर’. पुढे पुन्हा ‘सदर’. ठाकूर घराच्या सलग नोंदींत पहिल्याला ठाकूर, मग सदर, सदर. ‘कि॥’ माझ्या वहीत कुठेच नाही. आणि पाच-सहा पानं आधी त्याच पाड्याच्या एका नोंदीत, शाई संपत आलेली असताना, तो ‘कु’ लिहून थांबलाय, टाक बुडवलाय आणि पुढे काळ्याभोर शाईत ‘णबी’ लिहिलंय.

याने भोक भरत नाही. त्या नोंदीच्या लिप्यंतरात मी ‘क[..]॥’ असंच लिहिणार. पण खाली टीप देता येते : याच हातात कित्त्यासाठी सर्वत्र ‘सदर’, पान अमुक, पान तमुक पाहा. जात पडताळणी समितीने स्वतः पाहावं. त्यासाठी त्या पानांच्याही नकला जोडायला हव्यात, एका पानाने भागणार नाही. आणि माझी वही म्हणजे काही अख्खं बुक नव्हे. उरलेल्या पानांत एकही ‘कि॥’ निघाला तर टीप पडली. ते आधी बघायला हवं.

नऊ

फोन नात उचलते. आजोबा झोपलेत, बाबा बैलांकडे गेलेत. मी तिला सांगते की झालेलं नाही, पण दार बंदही नाही. ती शांतपणे विचारते, “अवाच्य लिहिलं तर फाइल परत येते का, मॅडम?”

“येऊ शकते. खोटं लिहिलं तर नातवंडांपर्यंत येते.”

ती हसत नाही. पेन घेऊन ये, म्हणते मी, आणि लिहून घे. उद्या सव्वादहाला अभिलेखकक्षापाशी. अर्ज दोन करायचे, एक त्या नोंदीच्या नकलेसाठी, दुसरा अलीकडच्या-पलीकडच्या पानांसाठी; कोर्ट फी स्टॅम्प दोन्हींवर लागेल. आजोबांना आणू नकोस, आवणी उरकू दे. तू ये, आणि तुझं भिंग असेल तर आण, उरलेलं बुक दोघी मिळून बघू.

“मला मोडी येत नाही,” ती म्हणते.

“स आणि क एवढंच ओळखायचंय. ते मी दाखवते.”